इनटेकची बाटली

बाटली पाण्याखाली भरायची आणि पाण्याखालीच तिला बूच लावायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. बुचाखाली मुगाएवढा बुडबुडा राहिला तरी ते पाणी ओतून द्यायचं. त्या बाटलीत मोजायचा असतो पाण्यात विरघळलेला प्राणवायू, आणि बुडबुड्यातला बाहेरचा प्राणवायू पाण्यात शिरला की आकडा खोटा निघतो. बाटली भरली की काठावरच तिच्यात दोन औषधं एकामागून एक घालायची, बूच लावायचं आणि बाटली उलटीपालटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. नसेल तर साका पांढरा येतो. नेमका आकडा प्रयोगशाळेत निघतो, पण तपकिरी की पांढरा हे काठावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसतं.

त्या दिवशी ते सगळ्यांना दिसलं आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

मी सोलापूरच्या एका दैनिकात जिल्हा डेस्कवर काही वर्षं काम केलं. ते सोडल्यावर एका महाविद्यालयाच्या नदी-तपासणी प्रकल्पात लागले. भीमेच्या काठची ठरावीक ठिकाणं, दर महिन्याला एक फेरी, प्रत्येक ठिकाणी बाटल्यांचा एक संच. बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून संध्याकाळच्या आत प्रयोगशाळेत पोचवायच्या. त्या ठिकाणांपैकी एक होतं एका बंधाऱ्यामागच्या गावाचं इनटेक, म्हणजे गावाची मोटर जिथून नदीचं पाणी ओढते ती जागा. तिथला पाणीपुरवठ्याचा माणूस माझ्या ओळखीचा होता. वय पन्नाशीच्या पुढं. मोटर चालू करणं, टाकी भरणं, आळीआळीनं नळाचं पाणी सोडणं आणि टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणं ही त्याची कामं. गावात लहानथोर त्याला तात्या म्हणत. मीही म्हणायचे.

एप्रिलमधल्या एका सकाळी सव्वाआठला त्याचा फोन आला.

“म्याडम, मोटर बंद केलीया मी. काल सकाळधरनं. पाणी काळं आलंय, मासं वर तरंगाय लागल्यात.”

“कुणाला विचारून बंद केली?”

“कुणाला इचारायचं? वास आला, बटण दाबलं.”

“पंचायतीला कळवलं?”

“कळीवलं की. उपसरपंच म्हणत्यात, तू कोण ठरीवणार. गाव बोंबलतंय. तुमी या. आन लौकर या, धरणातनं पाणी सुटलंय. दुपारला हितं पोचतंय म्हणत्यात.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. उन्हाळ्यात धरणातून नदीत पाणी सोडतात. ते पोचायच्या आधी वाटेतल्या बंधाऱ्यांची लोखंडी दारं काढून ठेवावी लागतात. दारं निघाली की अडवलेलं पाणी खाली जातं आणि पाठोपाठ नवं पाणी येतं. म्हणजे जे पाणी बघून तात्यानं मोटर बंद केली होती, ते दुपारनंतर तिथं असणार नव्हतं.

बर्फ भरून घेण्यात वेळ गेला. सोलापूरहून निघाले तेव्हा त्याला फोन करून सांगितलं, निघाले. घड्याळात नऊ वीस झाले होते.

पावणेअकराला बंधाऱ्यावर पोचले. बंधाऱ्याच्या वर साधारण एक किलोमीटरवर डाव्या काठानं एक ओढा नदीला मिळतो. गावाचं इनटेक बंधारा आणि ओढा यांच्या मध्ये आहे. ओढ्याच्या तोंडापासून बंधाऱ्यापर्यंतचं सगळं पाणी उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहाच्या रंगाचं होतं. वास सडक्या अंड्यासारखा. काठाला मेलेल्या माशांची एक पांढरी रेघ लागली होती. ओढ्यात वर कोण काय सोडतं, याच्या चार गोष्टी मला चार माणसांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितल्या. त्यातली एकही माझ्या वहीत नाही. मी डोळ्यांनी बघितलं ते ओढ्याच्या तोंडापासून खालचं.

पंपघरासमोर दहा-बारा माणसं होती. उपसरपंच चाळिशीचे, पांढरा शर्ट, हातात दोन फोन. तात्या दाराच्या उंबऱ्यावर बसला होता. काठावर आपला चप्पू ओढून ठेवून एक म्हातारी मासेवाली बसली होती. चप्पू म्हणजे थर्माकोलवर पत्रा ठोकून केलेली होडी, एका माणसाची, फार तर दोघांची. तिला सगळे मावशी म्हणत.

“आल्या बघा तुमच्या डॉक्टरीण बाई,” उपसरपंच तात्याला म्हणाले. मग माझ्याकडं वळून, “म्याडम, मला पांढरं-तपकिरी ठाऊक हाय. मागं तुमी शाळेत पोरांना दाखवलं होतं, मी होतो तितं. तपकिरी आलं तर मोटर आत्ता सुरू. आन तात्या उद्यापासनं घरी. दोन दिस गाव पाण्यावाचून ठेवलंय ह्यानं.”

“आणि पांढरं आलं तर?”

“तर मी सोता टँकर बोलीवतो.”

काठावरच्या साक्यावरून पिण्याच्या पाण्याचा निर्णय होत नाही, पूर्ण अहवाल पाच दिवसांनी येईल, असं मी सांगितलं. उपसरपंच म्हणाले, “पाच दिस गावानं काय हवा प्यायची?” लोक हसले. तात्या हसला नाही.

पहिली बाटली ओढ्याच्या वर, चांगल्या पाण्यात भरली. वेळ अकरा वीस. साका तपकिरी. हे अपेक्षित होतं. वरचं पाणी कसं आहे ते कळल्याशिवाय खालच्या पाण्याबद्दल काही म्हणता येत नाही.

दुसरी बाटली इनटेकची. काठापासून पंधरा-वीस फूट आत सिमेंटचा चौकोनी हौद आहे, तीन बाजूंनी भिंत, नदीकडच्या बाजूला बारीक जाळी. मोटरीचा पाइप त्यातच सोडलेला. हौदापर्यंत जायला एक अरुंद फळी. प्रकल्पाच्या नकाशावर नमुन्याची जागा जाळीच्या आत ठरलेली होती, कारण गावाच्या पोटात जातं ते पाणी तिथलं. मी फळीवर गुडघे टेकून बाटली बुडवली. हौदातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा फिकट होतं, पिवळसर. मी वहीत लिहिलं, “रंग फिकट, बंधाऱ्यातल्या पाण्यापेक्षा वेगळा.” कारणाचा रकाना रिकामा ठेवला आणि पुढं गेले. तिथंच थांबायला हवं होतं.

काठावर येऊन औषधं घातली. बाटली उलटीपालटी केली. साका तपकिरी आला.

उपसरपंचांनी बाटली माझ्या हातातच वाकून बघितली. मागच्या माणसांना बोटानं दाखवली. आवाज चढवला नाही.

“तात्या, ऊठ. मोटर सुरू कर.”

तात्या उठला नाही. तो बाटलीकडं बघत राहिला. “असं हुईलच कसं,” तो म्हणाला. “म्याडम, मासं काय नाटक करत्यात का?”

“मासं उन्हानं बी मरत्यात. ऊठ.”

मी दोन्ही बाटल्या शेजारी धरल्या. इनटेकचा साका वरच्या पाण्यातल्या साक्यापेक्षा गडद होता. ओढ्याच्या वरच्या वाहत्या, स्वच्छ पाण्यापेक्षा या साचलेल्या काळ्या पाण्यात प्राणवायू जास्त, असं ती बाटली सांगत होती. डेस्कवर एखाद्या बातमीत असा आकडा आला असता तर मी बातमीदाराला परत फोन केला असता.

“एक मिनिट,” मी म्हणाले. “मोटर सुरू करू नका. बाटलीत काहीतरी चुकलंय.”

“चुकलं म्हंजे? मगाशी बरोबर हुती, मनासारखं न्हाय आलं तर चुकली व्हय?”

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पंपघराच्या भिंतीवर खिळ्याला आरोग्य खात्याची ओटी टेस्टची पिशवी टांगलेली असते, प्रत्येक गावात असते. छोटी नळी आणि औषधाची बाटली. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का, हे त्यानं बघतात. टीसीएल योग्य प्रमाणात पडलं असेल तर पाणी फिकट पिवळं होतं. मी ती पिशवी काढली, हौदातलं थोडं पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले. पाणी पिवळं झालंच नाही, एकदम लालसर नारिंगी झालं.

“तात्या, हौदात टीसीएल टाकलंत?”

“टाकलं की.”

“कधी?”

“तुमी निघाला म्हून फोन आला तवा. साडेनऊला.”

“किती?”

“अर्धी गोणी.”

घागरभर पाण्याला चिमूट पुरते त्या पावडरीची त्यानं अर्धी गोणी त्या छोट्या हौदात ओतली होती. पाण्याचा रंग त्या पावडरीनं उतरला होता. माझ्या औषधांनाही तिनंच फसवलं होतं. त्या चाचणीत क्लोरीन हा प्राणवायूचं सोंग घेतो. सडक्या वासात क्लोरीनचा वास दबून गेला होता.

“का टाकलंत?”

त्याला प्रश्नच कळला नाही. “तपासाया येणार म्हटल्यावर टाकायचं न्हाय व्हय? आरोग्याचं सायेब बाटली घिऊन येत्यात ते पयलं ह्येच बघत्यात. पिवळं न्हाय आलं तर मला धरत्यात. एकदा आलं नव्हतं तर पाणी धोक्याचं म्हून लाल कार्ड दिलं हुतं गावाला. तवाधरनं कोण बी येणार म्हटलं की मी डबल टाकतो.”

बाटली घेऊन येणारा माणूस तात्याचं काम तपासायला येतो, हा त्याचा आजवरचा अनुभव होता. नदी तपासायला कुणी आलेलं त्याच्या माहितीत नव्हतं. मी दर महिन्याला यायचे, तेव्हाही तो टाकायचा का? हा प्रश्न मला तिथंच सुचला. मी तो विचारला. मावशी मध्येच म्हणाली, “रोजचं थोडं थोडं टाकीत टाकतोय त्यो. हौदात ओततान आजच बघितलं म्या.” तात्यानं मान हलवली. मी दोघांचं म्हणणं लिहून घेतलं.

उपसरपंच हसत सुटले होते. “तात्या, लेका, सोताच्या हातानं सोताचा पुरावा धुऊन टाकलास की रं!” मग एकदम थांबले. “पण मग बरंच हाय की. टीसीएल पडलंय म्हंजे पाणी शुद्ध झालंय. करा सुरू.”

“जंतू मरतील. बाकी पाण्यात काय मिसळलंय ते टीसीएलनं जात नाही. आणि एवढा डोस घशाखाली गेला तर त्यानंच त्रास होईल.”

“मग चांगलं का वाईट, एक काय ते सांगा. सव्वाबारा वाजल्यात. दारं काढाय माणसं गेल्यात बंधाऱ्यावर.”

“हौदाच्या बाहेरचं पाणी घ्यावं लागेल. मध्यभागातलं. टीसीएल पोचलं नसेल तिथलं.”

काठाचा गाळ मांडीपर्यंत होता. उतरून जाणं शक्य नव्हतं. सगळ्यांनी मावशीकडं बघितलं.

“माझ्याकडं काय बघताय,” ती म्हणाली. “पवायला येतंय का बाईला?”

“येतं,” मी म्हणाले.

“ह्या पाण्यात पवून दाखवू नगा म्हंजे झालं. बसा मधी. हलायचं न्हाय.”

इनटेकसाठी आणलेली एकच जादा बाटली उरली होती. तीही बिघडली तर प्रयोगशाळेत जाऊन यायला तीन तास लागले असते आणि तोवर हे पाणी तिथं राहिलं नसतं. बाटली आणि औषधांच्या दोन कुप्या मी ओढणीत गुंडाळून मांडीवर धरल्या. बारा पस्तीसला चप्पू पाण्यात गेला.

मावशी बांबूनं ढकलत होती. चप्पूच्या दोन्ही बाजूंना मासे उलटे तरंगत होते, काही अजून तोंड पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होते. “कालपासनं येक बी इकला न्हाय,” ती म्हणाली. “लोकं फुकट मागत्यात. म्हटलं, मी खात न्हाय ते तुमाला कसं देऊ.”

साधारण मध्यावर तिनं बांबू गाळात रोवला आणि दोन्ही हातांनी धरून चप्पू थांबवला. मी एका कुशीवर झुकले. चप्पू त्याच बाजूला कलला.

“म्हटलं न्हाय व्हय हलू नगा म्हून!”

त्याच वेळी बंधाऱ्याकडून साखळी ओढल्याचा आणि पत्र्यावर पत्रा घासल्याचा मोठा आवाज आला. पहिलं दार निघालं होतं. मी बाटली बुडवली, भरली, पाण्याखालीच बूच लावलं आणि वर काढून आडवी धरली. बुचाखाली एक बुडबुडा सरकला. पाणी ओतून दिलं.

दुसरं दार निघालं. चप्पूला बंधाऱ्याच्या दिशेनं हलकी ओढ लागली. पाण्यावरचे मासे आता सगळे एकाच बाजूला सरकत होते.

“बाई, लौकर. पाणी वढाय लागलंय. बांबू लई येळ टिकायचा न्हाय.”

पुन्हा बुडवली. या वेळी मनगटापर्यंतचा हात पाण्यात तसाच ठेवला, बाटलीतून शेवटचा बुडबुडा वर जाऊ दिला, मग बूच. वर काढली, उलटी केली. बुडबुडा नव्हता. वेळ बारा पंचेचाळीस. औषधं घालायला काठावर जायची वाट बघितली नाही. कुप्या मांडीत होत्या. पहिलं औषध, दुसरं औषध, बूच. बाटली उलटी, सुलटी, उलटी.

पांढरा.

साका दह्याच्या कणांसारखा खाली उतरू लागला. त्यात तपकिरी रंगाचा एक कण नव्हता. मावशीनं बांबू उपटत मान वळवून बघितलं.

“नासल्या दुधावाणी दिसतंय. काय म्हणायचं ह्येला?”

“पाण्यात प्राणवायू नाही. शून्य.”

“मासं कालपासनं त्येच सांगत्यात की,” ती म्हणाली आणि काठाकडं बांबू मारू लागली.

काठावर उपसरपंचांनी ती बाटली माझ्याकडून मागून घेतली आणि उन्हाकडं धरली. मग एका फोनवरून टँकर बोलावला आणि दुसऱ्या फोनवरून गावच्या ग्रुपवर निरोप दिला, आज नळाला पाणी नाही, जुनं साठवलेलंच वापरा, नदीचं कुणी भरू नका. तात्याकडं न बघता त्याला म्हणाले, “मोटर बंद ऱ्हाऊ दे. आन हौद उपसून घे पाणी आल्यावर.”

बंधाऱ्यातलं पाणी तोवर हातभर उतरलं होतं.

राहिला होता फॉर्म. प्रत्येक नमुन्याला एक ओळ असते आणि प्रत्येक भरलेल्या बाटलीची ओळ लिहावी लागते, बाद झालेल्या बाटलीचीसुद्धा. बाद का, तेही लिहायचं. खाली हजर असलेल्या दोघांच्या सह्या. पंपघराच्या पायरीवर बसून मी दुसऱ्या बाटलीपर्यंत आले तेव्हा उपसरपंच शेजारी येऊन बसले.

“म्याडम, ती मधली बाटली कशाला लिवताय? पांढरी आली ती लिवा, झालं.”

“भरली होती. लिहावी लागते.”

“नदीत अर्धी गोणी टीसीएल टाकलं म्हून लिवलंत तर वरचे लोक पयली नोटीस तात्यालाच काढतील. ओढ्यात सोडणारा ऱ्हायला बाजूला. म्हातारपणी घालवताय का त्याला?”

तासाभरापूर्वी त्यालाच घरी बसवायला निघालेला माणूस हे बोलत होता. मी पेन खाली ठेवलं. ती ओळ गाळता आली असती. हे पाहणाऱ्यांपैकी कुणीच प्रयोगशाळेत येऊन सांगणार नव्हतं. मी तेव्हा काय ठरवलं असतं, ते आता खात्रीनं सांगता येत नाही.

तात्या हौदावरून फळीनं परत येत होता. त्यानं शेवटचं ऐकलं होतं.

“लिवा म्याडम,” तो म्हणाला.

“तात्या, गप बस,” उपसरपंच म्हणाले.

“गप कशाला बसू? बारा माणसांनी तपकिरी बाटली बघितलीया. उद्या कुणी म्हटलं, म्याडमनी एक बाटली लपीवली, तर पांढरी बी खोटीच ठरंल. मग मी मोटर बंद केलेली बी खोटी.” तो माझ्यासमोर उकिडवा बसला. “टाकलंय म्या. लिवा.”

मी लिहिलं. नमुना २, इनटेक हौद, वेळ अकरा पन्नास. बाद. कारण: पाणीपुरवठा कर्मचाऱ्यानं साडेनऊच्या सुमारास हौदात टीसीएल टाकलं होतं. ‘सवयीनं’ हा शब्द लिहावासा वाटला. पण माणसाच्या मनात काय होतं, हे आपल्या शब्दांत लिहायचं नाही, असं डेस्कवर शिकले होते. त्याऐवजी त्याचंच वाक्य अवतरणात घातलं: “कोण बी तपासाया येणार म्हटलं की मी डबल टाकतो.” त्याला वाचून दाखवलं. “व्हय, असंच म्हटलं म्या,” तो म्हणाला आणि सही केली. दुसरी सही उपसरपंचांनी केली, फॉर्म दोनदा वाचून.

दीडच्या सुमाराला धरणाचं पाणी आलं. आधी फेस, काटक्या, प्लास्टिक, मग गढूळ, मग हळूहळू निवळ. ओढ्याच्या तोंडापासून खाली एकही मासा दिसेना. मी पेटी बंद करून निघाले.

उपसरपंच म्हणाले होते तसंच झालं. ओढ्याची चौकशी अजून चालू आहे असं सांगतात, पण तात्याला खुलासा मागणारं पत्र महिनाभरात आलं. त्यात माझ्या फॉर्मचा हवाला होता. त्यानं फोन करून विचारलं, खुलाशात काय लिहू. मी म्हटलं, घडलं ते, वेळेसकट. उपसरपंचांनी पंचायतीचं एक पत्र खुलाशाला जोडलं, की दोन दिवस मोटर बंद ठेवण्याचा निर्णय योग्य होता.

नंतर एक दिवस त्याचा पुन्हा फोन आला. समज देऊन प्रकरण मिटवलं होतं, कामावर कायम होता. त्यानं समजपत्र मला सगळं वाचून दाखवलं, अडखळत, जावक क्रमांकापासून. मधोमध त्याचंच ते वाक्य होतं, डबल टाकतो. त्याखाली लिहिलं होतं, यापुढे नदीच्या पात्रात टीसीएल टाकू नये.

“आन म्याडम,” वाचून झाल्यावर तो म्हणाला, “परवा आरोग्याचं सायेब येणार हायत. टाकीत किती टाकू?”

मी त्याला प्रमाण सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून घेतलं.